जुना व्हॅक्यूम पंप घेताय? या चुका टाळा

लेथवर लाकडी वाडग्याचा तळ कातायला व्हॅक्यूम चकसारखी, म्हणजे पंपाच्या ओढीने वाडगा धरून ठेवणाऱ्या पकडीसारखी, सोय नाही. पण त्यासाठी जुना पंप शोधायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "व्हॅक्यूम किती ओढतो?" विकणारा पंपाच्या तोंडावर अंगठा दाबतो, गेजचा काटा (पाऱ्याच्या) 700 मिलिमीटरच्या पुढे जातो आणि व्यवहार ठरतो.

चकवर मात्र अंगठा नाही, लाकूड बसणार असतं. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. वाडग्यात त्या नळ्या आडव्या कापल्या जातात आणि त्यांतून हवा सतत आत झिरपते. तेवढी हवा पंपाला सतत बाहेर टाकता आली पाहिजे. म्हणून मी आधी प्रवाह, म्हणजे पंप मिनिटाला किती हवा ओढतो ते, बघतो. मिनिटाला 80 ते 100 लिटरच्या खालचा पंप मी घेत नाही, मग किंमत कितीही उतरो.

ओळखीच्या एकाने एसी दुरुस्तीतला छोटा पंप आणला होता. प्रवाह मिनिटाला जेमतेम 40 लिटर. सपाट अॅक्रिलिकच्या तुकड्यावर काटा झकास चढला. मग त्याने अॅश लाकडाचा वाडगा लावला आणि काटा 250 वर अडकला. अॅशची छिद्रं नुसत्या डोळ्यांनी दिसतात, वेगळं काही होणारच नव्हतं. त्याला थांबायला सांगितलं, पण घाई होती. गाउज (कातायची गोल छिन्नी) जरा अडकली आणि वाडगा सुटून भिंतीवर फुटला. तोवर पंपाच्या एक्झॉस्टमधून तेलाचं धुकं निघत होतं, कारण हे पंप बंद नळ्यांतली हवा काढायला बनवलेले असतात, तासभर गळती ओढत बसायला नाही. तो पंपाला दोष देत राहिला. पंप ठणठणीत होता, निवड चुकली होती.

त्यामुळे बघायला जाताना मी टी-जॉइंट, गेज आणि एक छोटा व्हॉल्व्ह खिशात ठेवतो. पंप चालू करून व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा आणि काटा 500 वर आणायचा. तिथे हवा जोरात सूं सूं करत शिरत असेल तर पंपात दम आहे. नुसती कुजबुज ऐकू आली तर परत फिरा. तसाच अर्धा तास चालू द्या. गरम झाल्यावर काटा उतरू लागला तर समजा, आतली झीज झाली आहे. विकणारा अर्धा तास द्यायला तयार नसेल तर मी तिथूनच निघतो.

दुसरी चूक पाहून मला खरंच वाईट वाटतं: कोरड्या पंपात तेल सोडणं. कार्बनच्या पात्यांचे पंप तेलाशिवायच चालतात. पाती सिलिंडरला घासतात आणि त्यांची काळी पूड पडते. त्यात तेल गेलं की चिखल होतो, पाती खाचेत चिकटतात, बाहेर फेकली जात नाहीत आणि व्हॅक्यूम जातो. "आवाज करतोय, दोन थेंब सोडले" असं विकणारा सांगत असेल तर झाकण उघडायला लावा. पाती ओली दिसली तर नव्या पात्यांचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

मोटरची पट्टी वाचा: व्होल्टेज, फेज, हर्ट्झ. 60 हर्ट्झची मोटर आपल्याकडच्या 50 वर हळू फिरते, प्रवाह सहाव्या हिश्श्याने घटतो आणि मोटर जास्त तापते.

पंपाऐवजी घरातला व्हॅक्यूम क्लीनर चालत नाही. त्याची ओढ कमी असते आणि वाट अडली की मोटर तापते.

फिल्टर नसेल तर पहिल्याच दिवशी लावा. सँडिंगची पूड पंप खाते.

चक लहान ठेवून पंपाकडून ताकदीची अपेक्षा करू नका. 500 मिलिमीटरला 15 सेंटिमीटरचा चक साधारण 120 किलोने धरतो, साडेसात सेंटिमीटरचा फक्त 30 किलोने. पातळ वाडग्याला मात्र पूर्ण ओढ देऊ नका, भिंत चिरते. ब्लीड व्हॉल्व्ह (बाहेरची थोडी हवा आत सोडणारा) उघडून काटा खाली ठेवा.

आणि वीज गेली तर? पंप आणि चकच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा उलटी परत येऊ न देणारा) आणि एक रिकामी टाकी असली तर लेथ थांबेपर्यंत वाडगा चकवर टिकतो. लाकूड फार गळकं असेल तर तेवढाही वेळ मिळत नाही, म्हणून अशा वाडग्याला मी आधी बाहेरून छिद्रं बुजवणाऱ्या सँडिंग सीलरचा हात देतो आणि तो पूर्ण वाळल्यावरच चकवर चढवतो.