लळिंगच्या चढावर छाती आवळली तर

तेहेतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. निवृत्त झालो तरी नेम सुटला नाही: रोज पहाटे धुळ्याच्या नकाणे तलावावर पळणं आणि रविवारी जवळच्या लळिंगच्या किल्ल्याचा चढ. मंडळी म्हणायची, "तुमले काय व्हस, सर!" मलाही ते पटलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत चढाच्या सुरुवातीला छातीच्या मधोमध कुणी पट्टा आवळावा तसं व्हायला लागलं. दोन-तीन मिनिटांत सुटायचं आणि पुढे मी आरामात पळायचो. अंग तापलं की गाडी सुरळीत, असा माझा हिशोब. आदल्या रात्री शेवभाजी झाली असेल तर दोष तिच्यावर. बायको दाखवून या म्हणाली, तर मी तिला वर्षभरापूर्वीचा ईसीजी काढून दाखवला. नॉर्मल. पण तो झोपवून काढलेला. निवांत पडलेलं हृदय तक्रार कशाला करेल?

शेवटी तपासणी केली, तर हृदयाच्या डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत ऐंशी टक्के अडथळा निघाला. स्टेंट पडला.

तेव्हा पळणाऱ्या म्हाताऱ्यांनो, पहिली गोष्ट हीच. श्रमाने सुरू होणारं आणि थांबल्यावर जाणारं आवळणं, जळजळ, जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात ओढ, हे अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याचं दुखणं, असू शकतं. अंग तापल्यावर ते सुटतं म्हणून फसू नका, अँजायनाचीही ती एक तऱ्हा आहे. पळणं त्याच दिवशी थांबवा आणि त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञ गाठा. बसल्याजागी दुखत असेल किंवा दिवसेंदिवस कमी श्रमात व्हायला लागलं असेल, तर आठवडा नाही, त्याच तासाला दवाखाना.

दुखत नसेल तरी वहीत वेळ लिहून ठेवा. माझ्या वहीत तोच चढ, तीच थंडी, आणि चोवीस मिनिटांची दीड महिन्यात एकोणतीस झालेली. मी खाली 'वय' असं लिहिलं होतं. वय दीड महिन्यात पाच मिनिटं वाढत नाही.

काहीच त्रास नाही त्यांचं काय? 2017 साली ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या अभ्यासांत बरीच वर्षं भरपूर व्यायाम केलेल्या पुरुषांच्या हृदयवाहिन्यांत कॅल्शियम जास्त आढळलं. वाहिन्यांत साचलेले चरबीचे थर बरेचसे कडक, म्हणजे फुटण्याची भीती तुलनेने कमी, असं तेव्हा वाटलं. 2023 मध्ये बेल्जियमच्या अभ्यासात मऊ थरही दिसले. दुसरीकडे, अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत खूप व्यायाम करणाऱ्यांत कॅल्शियम जास्त असूनही मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. म्हणून बूट माळ्यावर टाकू नका. फक्त पळतो म्हणून तपासणीतून सुटका, हे डोक्यातून काढा. रक्तदाब, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) दरवर्षी बघा. लिपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा, आनुवंशिक घटक) आयुष्यात एकदा. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत झटका आला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयवाहिन्यांतल्या कॅल्शियमचं मोजमाप, करायचा का, तेही विचारा. हा डाय न टोचता काढलेला सीटी स्कॅन असतो, पण त्यात मऊ थर दिसत नाहीत, त्यामुळे शून्य आला तरी त्रास असेल तर त्याला किंमत नाही. माझ्या पळण्यातल्या जोडीदाराचा 180 आला. तो स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, घेतो आणि पळतो. गोळीने स्कोअर थोडा वाढूही शकतो, कारण थर कडक होतात. घाबरून गोळी सोडू नका.

आता माझी पद्धत, तज्ज्ञांची परवानगी मिळाल्यानंतरची. आधी पंधरा मिनिटं चालणं, मग हळूहळू वेग. पूर्वी मी तलावावर पोचलो की लगेच सुसाट सुटायचो, पोरांना नेमकं उलटं शिकवून. घड्याळात दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांवर आता विसंबत नाही, कारण मी घेतो ती बीटा-ब्लॉकरची गोळी ठोके दाबून ठेवते. त्याऐवजी जोडीदाराशी एक अख्खं वाक्य न तुटता बोलता येतंय का, ते बघतो. शेवटी एकदम उभं राहत नाही, दहा मिनिटं चालतो. एप्रिल-मे महिन्यात धुळ्याचं ऊन सहालाच डोळे वटारतं, म्हणून तेव्हा साडेचारला निघून सहाच्या आत घरी. ताप असेल तर पळणं नाही, मग रविवार बुडाला तरी चालेल.

पळताना छाती आवळलीच तर खाली बसा, 108 ला फोन लावा, आणि ऍलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर 300 मिलिग्रॅमची साधी ऍस्पिरिन चावून खा. मोटारसायकलवर स्वतः दवाखान्यात जाण्याचा पराक्रम नको. कुणी कोसळला आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा.

हे आम्ही तलावाजवळच्या चहावाल्यालाही शिकवलं, ज्वारीच्या कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर. दोन मिनिटांत घामाघूम झाला आणि म्हणाला, "सर, कट्टा काही बोलत नही, तुम्हीच आडवा पडा ना!" जिवंत माणसावर सराव करायचा नसतो, असं म्हणून मी चहा मागवला.