सातपुड्यात वन्यजीव संशोधन सुरू करताना

पर्यावरणशास्त्राचे किंवा प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना वाघ-बिबट्यावर काम करायचे असते. खानदेशात काम करू इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे असे, की प्राण्याइतक्याच काटेकोरपणे माणसाचा वावरही मोजायला शिकावे. यावल अभयारण्य असो, तोरणमाळचा परिसर असो की मुक्ताईनगरजवळचे वढोद्याचे जंगल असो, मोहफुले, चारोळी, डिंक, सरपण आणि गुरचराई यांच्याशी संबंध नसलेला जंगलाचा तुकडा इथे सापडणे अवघड आहे.

रानपिंगळ्याचे उदाहरण घेऊ. १८८४ नंतर या लहान घुबडाची खात्रीलायक नोंद नव्हती आणि तो नामशेष झाला असावा, असे अनेकांना वाटत होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. हा पक्षी दिवसाही शिकार करतो, उघड्या फांदीवर बसतो आणि झाडाच्या ढोलीत घरटे करतो. म्हणूनच ढोली असलेले जुने झाड सरपणासाठी किंवा नव्या शेतासाठी तोडले गेले, की त्याची घरट्याची जागाच जाते.

त्यामुळे पक्षी दिसला एवढी नोंद पुरत नाही. तो बसलेल्या झाडाभोवती ठरावीक त्रिज्येचे वर्तुळ आखून आतील प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर टेपने मोजावा, ढोल्या आणि त्यांची उंची लिहावी, मग तोडलेल्या झाडांचे बुंधे पाहावेत. ताज्या घावाचे लाकूड फिकट असते, जुने काळपट पडून कडेने कुजू लागते. एवढ्या निरीक्षणावरून तोड चालू आहे की थांबली आहे, याचा अंदाज येतो. शेण, राख आणि छाटलेल्या फांद्या यांचीही नोंद हवी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पक्षी न दिसलेल्या जागीही हीच मोजणी, याच पद्धतीने करावी. हे काम कंटाळवाणे वाटते म्हणून अनेकजण टाळतात, आणि मग तुलनेला आधारच उरत नाही.

गावाचे वर्ष कसे चालते, हे समजल्याशिवाय या नोंदींचा अर्थ लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागतो तेव्हा फुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, आणि ती आग कधी कधी पुढे पसरते. दिवाळीनंतर नंदुरबारच्या अनेक पाड्यांतील कुटुंबे ऊसतोडीला जातात. म्हणून मुलाखती त्याआधी घ्याव्यात. पावरी किंवा भिली ही इथली आदिवासी बोली थोडीफार समजू लागली, की वयस्क माणसे पूर्वी कोणत्या नाल्याकाठी कोणते जनावर दिसायचे, हे आपणहून सांगू लागतात.

संरक्षित क्षेत्रातील संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्यांचे कार्यालय नागपूरला आहे आणि प्रक्रियेला वेळ लागतो, म्हणून विषय ठरताच अर्ज करावा. पुढील शिक्षणासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र येथे वन्यजीव विषयाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. प्रवेशाची स्पर्धा मोठी असल्याने संख्याशास्त्र आधीपासून पक्के करणे फार उपयोगी पडते.

एका बाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही. घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये आणि विणीच्या काळात पक्ष्याला बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नये. तितकीच काळजी माणसांची घ्यावी. सरपण कुठून आणतो, हे एखाद्या काकांनी विश्वासाने सांगितले तर वहीत त्यांचे नाव नव्हे, संकेतांक लिहावा, कारण त्या माहितीवरून त्यांच्यावर कारवाई होऊ शकते. प्रबंध सादर करण्यापूर्वी निष्कर्ष ग्रामसभेत सोप्या भाषेत वाचून दाखवावेत आणि तिथे आलेले आक्षेप प्रबंधात नोंदवावेत.