पानगळीत कोझी मिस्टरी वाचायच्यात? मग कुठली घ्यायची आणि कशी वाचायची

ऑक्टोबर जवळ आला की सगळीकडे त्याच त्या याद्या फिरायला लागतात, कव्हरवर भोपळा, मांजर, पिवळी पानं, आणि आत बघावं तर गोष्ट घडतेय ऐन जूनमध्ये. त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे कव्हर बघून पुस्तक उचलू नका. पहिली दहा-पंधरा पानं चाळा आणि बघा की ऋतू नुसता शोभेला आहे की गोष्टीत काही काम करतोय. माझी टेस्ट एकदम सोपी आहे, हाच खून उचलून भर उन्हाळ्यात नेऊन ठेवला तर तो तसाच होईल का? होत असेल तर पुस्तक चांगलं असेलही, पण ते कधीही वाचता येईल, त्यासाठी पानगळीची वाट बघायची गरज नाही.

ज्यांना कोझी प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन सांगते. खून होतो पण रक्तबंबाळ वर्णनं नसतात, गाव छोटंसं, सगळे एकमेकांना ओळखणारे, शोध घेणारी व्यक्ती बहुतेक वेळा पोलिसातली नसते, आणि शेवटी खुनी सापडतोच सापडतो. अमेरिकेत मॅलिस डोमेस्टिक नावाचं संमेलन १९८९ पासून भरतंय, तिथे या धाटणीच्या पुस्तकांना अगाथा नावाचे पुरस्कार देतात, त्यांच्या जुन्या नॉमिनेशनच्या याद्या काढून बघा, सोशल मीडियावरच्या याद्यांपेक्षा कितीतरी कामाच्या आहेत.

आता सुरुवात कुठून करायची, तर डोळे मिटून अगाथा ख्रिस्तीचं 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' घ्या. १९५० चं पुस्तक, मिस मार्पल या हौशी गुप्तहेर म्हातारीचं. चिपिंग क्लेगहॉर्न नावाच्या खेड्यात सकाळी घरोघरी पेपर पडतो आणि छोट्या जाहिरातींच्या गर्दीत एक ओळ असते की शुक्रवार २९ ऑक्टोबरला संध्याकाळी साडेसहाला लिटल पॅडॉक्स या घरात खून होणार आहे, मित्रमंडळींनी हेच आमंत्रण समजावं. गंमत म्हणजे घरच्या मालकिणीलाच यातलं काही माहीत नाही. तरी संध्याकाळी शेजारीपाजारी एकेक करून टपकतात, प्रत्येकाकडे काहीतरी फुसकं कारण तयार, खून बघायला आलोय हे कोणी कबूल करेल तर शपथ, आणि मग घड्याळात साडेसहा वाजतात आणि फटकन दिवे जातात.

इथे माझी टेस्ट लावून बघा. इंग्लंडात जूनमध्ये साडेसहाला चांगला लख्ख उजेड असतो, म्हणजे हा खेळ उभाच राहिला नसता! आणि स्पॉयलर न देता एक सांगते, आलेले पाहुणे 'अरे वा, हीटिंग सुरू पण केलंत का' असलं काहीबाही बोलत बसतात, ते टाइमपास समजून गाळू नका. ख्रिस्तीबाई उगाच कोणाला हवापाण्यावर बोलायला लावत नाहीत. जमलं तर हे पुस्तक २९ ऑक्टोबरलाच सुरू करा, तिसऱ्या चॅप्टरचं नावच 'साडेसहा वाजता' असं आहे, तिथपर्यंत एका बैठकीत होतं.

दुसरं लुईस पेनीचं 'स्टिल लाइफ', २००५ चं. कॅनडातल्या क्युबेकमध्ये थ्री पाइन्स नावाचं काल्पनिक गाव आहे, थँक्सगिव्हिंग या सुगीच्या सणाचा वीकेंड, जो तिकडे ऑक्टोबरमध्येच येतो, आणि जेन नील नावाच्या रिटायर्ड शिक्षिका जंगलात मेलेल्या सापडतात, बाण लागून. शिकारीचे दिवस असल्यामुळे चुकून लागला असेल असंच आधी सगळ्यांना वाटतं, आणि सगळी मेख तिथेच आहे, दुसऱ्या कुठल्या ऋतूत हा संशय इतक्या सहज खपला नसता. शोध घेणारे गमाश हे पोलिस अधिकारी आहेत म्हणून काही लोक याला कोझी म्हणायला तयार नसतात, म्हणेनात का. पुस्तक संथ आहे हे मात्र आधीच सांगून ठेवते, पहिली पन्नास पानं माणसं ओळखण्यात जातात, तेवढा धीर धरा. आणि ही सिरीज क्रमानेच वाचा, गावातल्या माणसांची आयुष्यं एका पुस्तकातून पुढच्यात सरकत जातात. मिस मार्पलचं तसं काही नाही, कुठूनही उचला.

ख्रिस्तीचंच 'हॅलोविन पार्टी' (१९६९) प्रत्येक यादीत असतं. मुलांच्या पार्टीची तयारी चालू आहे, पाण्याच्या टबात तरंगणारी सफरचंदं तोंडाने पकडायचा खेळही असणार आहे, आणि एक मुलगी सगळ्यांसमोर सांगते की मी एकदा खून होताना बघितलाय, कोणी विश्वास ठेवत नाही आणि त्याच रात्री तिला त्याच टबात बुडवून मारलेलं असतं. माझं मत, हे पहिलं पुस्तक म्हणून नको. लहान मुलीचा खून आहे, कोझीच्या मानाने बरंच काळं आहे, आणि ख्रिस्तीच्या उत्तम पुस्तकांत मी ते धरत नाही, मधे मधे सैल पडतं. पण वातावरण म्हणाल तर तोड नाही. २०२३ चा 'अ हॉन्टिंग इन व्हेनिस' सिनेमा यावरच बेतलेला आहे, गाव बदललं, बरंच काही बदललं, तरी आधी पुस्तकच वाचा.

टेस्टमध्ये नापास होणारी पण तरीही मजा आणणारी दोन. रिचर्ड ऑस्मनचं 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०), वृद्धांच्या वसाहतीतले चौघे दर गुरुवारी जुन्या, न सुटलेल्या केसेस घेऊन बसतात आणि मग खराखुरा खून दारात येतो. हसवतं आणि मधेच गळा दाटून येतो. हीसुद्धा सिरीज क्रमानेच, चौथं पुस्तक आधी वाचलंत तर त्यातलं जे काही आहे ते पोचणारच नाही. आणि एम. सी. बीटनचं 'अगाथा रेझिन अँड द किश ऑफ डेथ' (१९९२), लंडनमधली स्वतःची पीआर कंपनी विकून खेड्यात आलेली खडूस बाई, स्पर्धेत विकतचा किश (अंडी घालून भाजलेला खारा पाय) स्वतःचा म्हणून ठेवते आणि परीक्षकच तो खाऊन मरतो. दोन संध्याकाळींत संपेल.

वाचायची पद्धत म्हणाल तर एक कागदाचा कपटा बुकमार्क म्हणून ठेवा आणि त्यावर नावं लिहीत जा, कोण कोणाचं काय लागतं आणि खुनाच्या वेळी मी अमुक ठिकाणी होतो असं कोण म्हणालं, एवढंच. ई-बुक असलं तरी हे कागदावरच करा, कारण नाव आठवेना म्हणून सर्च करायला गेलात की भलत्याच पानावर जाऊन पडता आणि पुढचं फुटतं, आणि नेटवर नाव शोधलंत तर संपलंच. ऑडिओबुक पहिल्या वाचनाला नकोच, मागे जाऊन वाक्य तपासणं फार कटकटीचं होतं. मग शेवटी खुनी कोण ते सांगायला शोध घेणाऱ्याने सगळ्यांना एका खोलीत जमवायची वेळ आली की पुस्तक मिटा, कपट्यावर खुन्याचं नाव आणि कारण लिहा, कारण महत्त्वाचं, नुसतं नाव कोणीही अंदाजपंचे ठोकतं, आणि मगच पुढे जा.