जड लेन्समुळे मान आखडते? पट्टा असा बदला

जोतिबाच्या चैत्र यात्रेत दिवसभर कॅमेरा गळ्यात असला की संध्याकाळी मान आखडायची आणि डाव्या खांद्यापर्यंत कळ जायची. बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि ७०-२०० मिमीची दूरचं टिपणारी लेन्स मिळून वजन दोन किलोच्या वर, आणि ते सगळं मानेमागच्या बोटभर पट्टीवर.

कॅमेऱ्यासोबत आलेला पट्टा तिरका घातला, तर कॅमेरा उचलताना तो मानेला घासायचा. मऊ निओप्रीनचा (रबरासारख्या ताणणाऱ्या कापडाचा) घेतला. तो ताणतो, त्यामुळे चालताना कॅमेरा मांडीवर आपटत राहतो. पार वैताग आला होता.

जमलं ते असं. मूळ पट्टा काढून दीड इंच रुंदीचा, न ताणणारा नायलॉनचा स्लिंग पट्टा, म्हणजे खांद्यावरून तिरका घालायचा पट्टा, घेतला. त्याचा पाव इंची स्क्रू बॉडीच्या तळाला न लावता लेन्सच्या ट्रायपॉड कॉलरला (लेन्सभोवतीच्या, ट्रायपॉडला जोडायच्या कड्याला), मध्ये रबरी वॉशर घालून, घट्ट पिळला. तोल तिथेच साधतो, माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते त्या जागेवर, ताण येत नाही. मग बॉडीच्या कडीतून मजबूत दोरी ओवून पट्ट्याला बांधली. स्क्रू सुटला तरी कॅमेरा खाली जात नाही. हे टाळू नका. पट्टा डाव्या खांद्यावरून तिरका, कॅमेरा उजव्या कमरेशी. कोपर किंचित वाकवल्यावर पकड हातात येईल एवढी लांबी ठेवून बकल शेवटी आवळलं.

खांद्यावरचं पॅड कोल्हापुरात पापाच्या तिकटीला चप्पल कारागिराकडून चामड्याचं शिवून घेतलं. खरबरीत बाजू खाली ठेवायला सांगा, घामातही सरकत नाही. फक्त नवं चामडं रंग सोडतं का, ते ओल्या पांढऱ्या फडक्याने आधी पुसून बघा.