आजवा रोडवरचे घर सुट्टीतल्या पाहुण्यांना कसे द्यावे : बडोदेकर घरमालकांसाठी

बडोद्याच्या पूर्वेला, आजवा रोड आणि वाघोडिया रोडच्या पट्ट्यात दुसरे घर असलेली मराठी कुटुंबे प्रत्येकाच्या ओळखीत दोन-चार तरी निघतात. मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात, आणि निवृत्तीच्या हिशेबाने घेतलेला बंगला वर्षाचा बराचसा काळ कुलूपबंद. असे घर सुट्टीत फिरायला येणाऱ्या कुटुंबांना दोन-तीन रात्रींसाठी भाड्याने द्यावे, हा विचार चांगला आहे, कारण आजव्याची बाग आणि तिच्या लगतचे आतापी वंडरलँड हे थीम पार्क याच वाटेवर आहेत. परंतु ‘थीम पार्कजवळ घर’ एवढ्या भांडवलावर ते घर चालत नाही. आतापीला एक दिवस पुरतो, आणि आणंद, भरूच किंवा अहमदाबादचे कुटुंब सकाळी निघून रात्री आपल्या घरी परत जाऊ शकते. मुक्काम करतो तो सुरतेपलीकडचा, मुंबई-नाशिकचा, इंदूरचा किंवा राजकोटचा पाहुणा, आणि त्याला आतापीबरोबरच कालिकामातेचे पावागड आणि सरदार पटेलांच्या पुतळ्याचे एकतानगरही एकाच फेरीत उरकायचे असतात. म्हणून जाहिरात त्या तीन दिवसांच्या फेरीची करावी, आणि आपले घर हे त्या फेरीतले सोयीचे ठाणे म्हणून पुढे ठेवावे.

ही फेरी आपण स्वतः नीट आखून दिली, तर निम्मे काम होते. पावागड बडोद्यापासून सुमारे 50 किलोमीटरवर, हालोलच्या वाटेने. पायथ्याचे चांपानेर आणि डोंगर मिळून 2004 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, आणि माचीहून रोपवे असल्याने वयस्कर माणसांनाही कालिकामातेच्या दर्शनाला जाणे सोपे पडते. एकतानगर, म्हणजे पूर्वीचे केवडिया, डभोईमार्गे सुमारे 90 किलोमीटर आहे. तिथला 182 मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा 2018च्या 31 ऑक्टोबरला खुला झाला, आणि त्याच्या भोवतीची जंगल सफारी, मुलांसाठीचे पोषण उद्यान आणि रात्रीची दिव्यांची बाग पाहता मुलांना तो दिवस आतापीइतकाच आवडतो. मात्र एकतानगर सोमवारी बंद असते. बाहेरगावच्या पाहुण्याला हे ठाऊक नसते, आणि रविवार-सोमवारचे बुकिंग करून सोमवारी सकाळी डभोईच्या वाटेला लागलेले कुटुंब परत येऊन आपल्यालाच दोष देते. रविवारी येणाऱ्यांना सोमवारी पावागड आणि मंगळवारी एकतानगर असा क्रम आधीच सुचवावा. चैत्र आणि आश्विन नवरात्रात पावागडावर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा पाहुण्यांना पहाटे निघायला सांगावे, नाहीतर तो दिवस आजव्यालाच घालवायला सुचवावे.

अंतर किलोमीटरमध्ये लिहिणे ठीक, पण कुटुंबे विचार करतात ती मिनिटांत. एखाद्या रविवारी सकाळी आपल्या फाटकापासून आतापीच्या फाटकापर्यंत स्वतः गाडी चालवून जावे, तसेच संध्याकाळच्या गर्दीत परत यावे, आणि दोन्ही वेळा लिहाव्यात. ‘सकाळी इतकी मिनिटे, संध्याकाळी परत येताना याहून दहा-पंधरा जास्त’ असे लिहिणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो. ‘पाच मिनिटांवर’ असे लिहिणाऱ्याला पहिल्याच अभिप्रायात उत्तर मिळते.

घर कोण ठरवते

पैसे कोणीही देवो, अशा सहलीचे घर बहुधा घरातली एखादी बाई ठरवते, आणि तेही नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, नणंदा-जावांच्या प्रश्नांना उत्तरे देत देत. तिला पोहण्याच्या तलावापेक्षा निराळ्याच गोष्टी हव्या असतात. सासूबाईंना जिना चढवत नाही, तर तळमजल्यावर झोपायची खोली आणि कमोड आहे का. फ्रीज रिकामा मिळेल का. गॅस, कुकर, पोळपाट-लाटणे आणि चहाची गाळणी आहे का. दिवसभर उन्हात हिंडून घामाघूम झालेल्या किंवा भिजलेल्या पोरांचे कपडे वाळत घालायला दोरी कुठे आहे. नऊ माणसांना सकाळी अंघोळीला गरम पाणी पुरेल का. ज्या वर्णनात या प्रश्नांची उत्तरे न विचारता मिळतात, ते वर्णन ग्रुपवर जसेच्या तसे पुढे पाठवले जाते, आणि या धंद्यात याहून मोठी जाहिरात नाही.

तेव्हा ‘निसर्गरम्य’, ‘आलिशान’, ‘घरापासून दूर घर’ असले शब्द टाळून वर्णन साधारण असे लिहावे :

‘आजवा रोडवरील शांत सोसायटीत तीन शयनगृहांचा बंगला. आठ मोठी माणसे आणि दोन लहान मुले यांच्यासाठी गाद्या-पांघरुणे आहेत. एक शयनगृह तळमजल्यावर असून त्याला लागूनच कमोड असलेले न्हाणीघर आहे. दोन गाड्या फाटकाच्या आत उभ्या राहतात. स्वयंपाकघरात गॅस, पाच लिटरचा कुकर, मिक्सर, पिण्याच्या पाण्याचे फिल्टर आणि दहा माणसांची भांडी आहेत. मागच्या ओट्यावर कपडे धुण्याचे यंत्र आणि वाळत घालण्यासाठी दोऱ्या आहेत. स्वयंपाकघर शाकाहारी आहे. रात्री दहानंतर गच्चीवर मोठ्या आवाजात संगीत लावता येणार नाही.’

हेच मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत द्यावे, इंग्रजी शेवटी. सुरत-राजकोटच्या पाहुण्याला गुजराती वर्णन वाचताना यजमान आपल्यातलाच वाटतो, आणि बडोदेकर मराठी माणसाला तिन्ही भाषा येत असल्याने यासाठी कोणाला पैसे मोजावे लागत नाहीत. शाकाहाराबद्दल स्पष्ट असणे गुजरातच्या बाजारात फार महत्त्वाचे आहे. कांदा-लसणाशिवायचे जेवण करून देणारी शेजारची ताई असेल, तर जैन कुटुंबांसाठी ते ठळकपणे लिहावे. मांसाहाराला मुभा द्यायची असल्यास त्याची भांडी वेगळी आहेत हेही नमूद करावे. काहीच न लिहिल्यास दोन्ही प्रकारचे पाहुणे बिचकतात.

फोटोंच्या बाबतीत लोक बैठकीच्या सोफ्यावर अडकतात. सोफ्याचा एक फोटो पुरे. तळमजल्याचे न्हाणीघर, उघडे ठेवलेले भांड्यांचे कपाट, फाटकाच्या आत उभ्या दोन गाड्या, आणि चादरी घातलेल्या सगळ्या गाद्या एकत्र दिसतील असा एक, हे फोटो खरे काम करतात. सकाळी आठ-नऊच्या उजेडात, पडदे उघडून, फोन आडवा धरून काढावेत. आतापीचे बोधचिन्ह किंवा तिथल्या राइडचे इंटरनेटवरून उचललेले फोटो वापरू नयेत. पार्कचे नाव अंतर सांगण्यापुरते घेणे योग्य, पण आपण त्यांचे अधिकृत निवासस्थान आहोत असा भास होता कामा नये. आजव्याच्या रंगीत कारंज्यांचा फोटो हवाच असेल, तर एका संध्याकाळी जाऊन स्वतः काढावा.

दर आणि तारखा

एकच दर वर्षभर ठेवणारा मालक मे महिन्यात नुकसान करून घेतो आणि जुलैत घर रिकामे ठेवतो. बडोद्याचे हंगाम कॅलेंडरच्या महिन्यांपेक्षा सणांनी ठरतात. दिवाळीनंतर गुजरातेतली बहुतेक व्यापारी दुकाने लाभपंचमीच्या मुहूर्तापर्यंत बंद असतात, त्यामुळे पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंतचे चार-पाच दिवस व्यापारी कुटुंबे हमखास फिरायला निघतात. हा वर्षातला सर्वांत चढा दर. त्यापाठोपाठ मे महिना आणि नाताळ ते नवे वर्ष, जेव्हा परदेशस्थ नातेवाईक येतात. नवरात्रात बडोद्याच्या गरब्यासाठी येणारा पाहुणा रात्री एक-दोनला परततो, म्हणून त्याला सकाळी अकराला खोली सोडायला न सांगता दुपारपर्यंत मुभा द्यावी आणि तेच जाहिरातीत लिहावे. पतंगांच्या उत्तरायणाला, म्हणजे 14 आणि 15 जानेवारीला, तर आपली गच्ची हीच खरी मालमत्ता असते. शहरात फ्लॅटमध्ये राहणारी मंडळी गच्चीसाठी पैसे मोजायला तयार असतात. फक्त कठडा छातीइतका उंच असल्याची खात्री करावी, आणि नसल्यास त्या दोन दिवसांचे बुकिंग घेऊ नये.

पावसाळ्यासाठी वेगळा विचार हवा. 2024च्या ऑगस्टमध्ये बडोद्यातल्या विश्वामित्री नदीला आलेल्या पुराच्या बातम्या मुंबईपर्यंत पोचल्या होत्या, आणि पावसाची बातमी वाचून बुकिंग रद्द करणाऱ्यांना आता समजावत बसण्यात अर्थ नाही. त्याऐवजी जुलै-ऑगस्टमध्ये दर उतरवून ‘अतिवृष्टीचा इशारा असल्यास आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला वळती करून मिळेल’ असे आधीच जाहीर करावे.

शनिवारची एकच रात्र देऊ नये. एका रात्रीसाठीही चादरी तेवढ्याच धुवाव्या लागतात, आणि शनिवार गेला की शुक्रवार-रविवार कोणी घेत नाही. किमान दोन रात्री ठेवाव्यात आणि तिसरी रात्र सवलतीत द्यावी, कारण आतापी, पावागड आणि एकतानगर मिळून तीन दिवस सहज भरतात.

कुठे दाखवावे

सुरुवातीला एअरबीएनबी किंवा बुकिंग डॉट कॉमसारख्या एखाद्या प्लॅटफॉर्मवर घर टाकण्याला पर्याय नाही, कारण अनोळखी माणूस अभिप्राय पाहूनच पैसे देतो. दोन ठिकाणी टाकले, तर दोन्हींची कॅलेंडरे एकमेकांना जोडून घ्यावीत. एकाच शनिवारी दोन कुटुंबे दारात उभी राहिली की जो मनःस्ताप होतो, तो कुठल्याच सवलतीने भरून निघत नाही. एअरबीएनबीचा ‘सुपरहोस्ट’ दर्जा हवा असेल, तर सरासरी 4.8 गुणांच्या खाली जाता येत नाही, नव्वद टक्के चौकशांना वेळेत उत्तर द्यावे लागते, आणि स्वतःहून बुकिंग रद्द करण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवावे लागते. गूगल मॅप्सवर हॉटेलसारखी नोंद करण्याची घाई मात्र करू नये. भाड्याच्या सुट्टीघरांना बिझनेस प्रोफाइल देऊ नये असा गूगलचा नियम आहे, आणि गोळा केलेल्या अभिप्रायांसह ते प्रोफाइल एक दिवस बंद होऊ शकते.

थेट बुकिंगसाठी व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसे आहे. चौकशी बहुधा अशी येते : ‘6 मोठे, 3 मुले, 24 ते 26. रेट?’ यावर नुसता आकडा पाठवला की संवाद तिथेच संपतो. उत्तरात आधी त्या तारखांना घर मोकळे आहे का ते सांगावे, मग दोन रात्रींची एकूण रक्कम, त्यात काय धरले आहे, आगाऊ किती, आणि शेवटी एक उपयोगाचा प्रश्न : ‘सोबत वयस्कर मंडळी आहेत का? असल्यास तळमजल्याची खोली त्यांच्यासाठी लावून ठेवतो.’ बुकिंगच्या नावाखाली ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगणारे भामटेही याच मार्गाने येतात. पैसे घेण्यासाठी कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही किंवा यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, हे चावी सांभाळणाऱ्या काकांनाही बजावून ठेवावे.

कागदपत्रांचे काम जाहिरातीच्या आधी उरकावे. सोसायटीची लेखी संमती घ्यावी. मालक त्याच घरात राहत असेल आणि एक ते सहा खोल्या देत असेल, तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या बेड अँड ब्रेकफास्ट किंवा होमस्टे योजनेत नोंदणीचा विचार करता येतो. बंद बंगला पूर्णपणे देणाऱ्यांना ती लागू पडत नाही. पाहुण्यांची नोंदवही ठेवावी आणि आधारची प्रत घेताना पहिले आठ अंक झाकलेली घ्यावी. परदेशी नागरिक उतरल्यास 24 तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, आणि अमेरिकन किंवा कॅनडियन पासपोर्टवर आलेला आपला भाचाही त्यात येतो. वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असल्यास मालकाला सहसा जीएसटीची नोंदणी लागत नाही. मात्र प्लॅटफॉर्मवरच्या बुकिंगवर तो प्लॅटफॉर्म स्वतः जीएसटी आकारून भरतो. 22 सप्टेंबर 2025पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर हा दर 5 टक्के आहे. कमिशन आणि हा कर मिळून तेच घर तिथे महाग दिसते, तेव्हा दर ठरवताना पाहुण्याला शेवटी दिसणारा आकडा पाहावा.

गुजरातेत दारूबंदी आहे, हे मुंबई-इंदूरच्या पाहुण्यांना बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावे. दारात उभ्या असलेल्या माणसाला सांगणे दोघांनाही अवघड जाते. कॅमेरे असतील तर ते फाटकावरच असावेत आणि त्यांचा उल्लेख वर्णनात असावा. घराच्या आतल्या कॅमेऱ्यांना एअरबीएनबीने 2024पासून पूर्ण मनाई केली आहे.

पाहुणे निघाल्यावर त्याच संध्याकाळी, ते गाडीत किंवा ट्रेनमध्ये असतानाच, अभिप्रायाची विनंती पाठवावी. घरी पोचून कपड्यांचा ढीग धुवायला घेतल्यावर कोणी लिहीत नाही. ‘छान घर होते’ याचा पुढच्या पाहुण्याला उपयोग नसतो, म्हणून विनंतीतच विचारावे : ‘आजींना तळमजल्याची खोली सोयीची वाटली का? आतापीहून परतायला किती वेळ लागला?’ आलेली उत्तरे जाहिरातीतल्या मिनिटांशी ताडून पाहावीत, आणि फरक पडत असेल तर दिवाळीच्या तारखा खुल्या करण्याआधी वर्णन दुरुस्त करावे.