गोव्याच्या दमट हवेत मॉडेल रेल्वेचा रूळ: निवड आणि मांडणी

मॉडेल रेल्वेचा छंद सुरू करणारा बहुधा आधी इंजिन विकत घेतो आणि रुळांचा विचार उरलेल्या पैशांत करतो. गाडी घसरणे, मध्येच थांबणे, सांध्यावर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या ठिकाणी) अडखळणे या तक्रारींचे मूळ मात्र बहुतेक वेळा रुळांत सापडते. गोव्यासारख्या दमट आणि खाऱ्या हवेच्या प्रदेशात तर निवडीची चूक पहिल्याच पावसाळ्यात उघडी पडते.

पहिला निर्णय प्रमाणाचा. एचओ प्रमाणात प्रत्यक्षाच्या ८७व्या भागाइतके मॉडेल असते आणि दोन रुळांमधले अंतर १६.५ मिमी असते. एन प्रमाणात मॉडेल १६०व्या भागाइतके आणि रुळांतले अंतर ९ मिमी असते. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिमी अंतर ८७ने भागल्यास १९ मिमीहून थोडे अधिक येते, म्हणून १६.५ मिमीच्या रुळावर उभे केलेले भारतीय डबे जाणकाराला किंचित अरुंद पायांचे वाटतात. घरच्या मांडणीसाठी ही तफावत खुशाल स्वीकारावी.

प्रमाण ठरवताना खरा अडथळा वळणाचा असतो. कोकण रेल्वेवरील वळणांची त्रिज्या किमान १२५० मीटर ठेवली आहे. तेच वळण एचओमध्ये हुबेहूब करायचे तर १४ मीटरहून अधिक त्रिज्या लागेल, म्हणजे घर पुरणार नाही आणि देवळाचा सभामंडपच मागावा लागेल. व्यवहारात एक ठोकताळा उपयोगी पडतो: सर्वांत लांब डब्याच्या लांबीच्या किमान अडीच पट, जमल्यास तिप्पट त्रिज्या ठेवावी. पूर्ण लांबीचा एलएचबी डबा (भारतीय रेल्वेचा नव्या धाटणीचा प्रवासी डबा) एचओमध्ये सुमारे २७ सेंमी भरतो, म्हणून त्रिज्या निदान ६८ सेंमी हवी; परंतु बाजारात मिळणारा प्लायवुडचा तक्ता आठ फूट बाय चार फुटांचा, म्हणजे जेमतेम १२२ सेंमी रुंद असतो आणि त्यावर असे पूर्ण वर्तुळ मावत नाही. एकाच तक्त्यावर काम भागवायचे असेल तर एन प्रमाण घ्यावे, किंवा एचओमध्ये आखूड डबे, मालवाघिणी आणि ५५ सेंमीच्या आसपासची त्रिज्या यांवर समाधान मानावे.

त्यानंतर रुळाचा धातू. लोखंडी रूळ इथे गंजतात. पितळी रुळांवर चढणारा काळपट थर वीज अडवतो आणि ते वारंवार पुसावे लागतात. जर्मन सिल्व्हरचे रूळ महाग असले तरी तेच घ्यावेत. नावात चांदी असली तरी तो तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू आहे. रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागांत सांगितली जाते, म्हणून कोड १०० म्हणजे सुमारे २.५ मिमी आणि कोड ८३ म्हणजे सुमारे २.१ मिमी. दिसायला कोड ८३ सरस आहे, पण चाकांच्या कडा खोल असलेली जुनी मॉडेले असतील तर कोड १०० निर्धोक. सरळ भागासाठी आणि मोठ्या वळणांसाठी सुमारे ९१ सेंमी लांबीचा लवचिक रूळ घ्यावा. ठरावीक वळणांचे सुटे तुकडे सोपे असले तरी प्रत्येक जोड हे बिघाडाचे एक नवे ठिकाण असते.

आता पाया. माझ्या पहिल्या मांडणीला साधे प्लायवुड वापरले होते. जुलैत ते फुगले आणि एका जोडावर रूळ नखभर वर आला. तेव्हापासून मी आयएस ७१० या भारतीय मानकाचे, पाण्याला टिकणारे मरीन प्लायच वापरतो आणि कापलेल्या कडांसह त्याच्या सर्व बाजूंना व्हार्निशचे दोन हात देतो. तक्ता एकसंध ठेवण्यापेक्षा त्याचे चार बाय चार फुटांचे दोन भाग करून ते बोल्टने जोडावेत, कारण चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची वेळ आली की घरातली मंडळी ती खोली मागणारच. या जोडरेषेच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू बसवून त्यांवर रूळ डाख (सोल्डर) द्यावा आणि मगच बारीक करवतीने रेषेवर कापावा. त्यामुळे तक्ते कितीही वेळा सुटे केले तरी रूळ जागचा हलत नाही.

तक्त्यावर मार्गाची मध्यरेषा पेन्सिलीने आखावी, तिच्यावर ३ ते ५ मिमी जाडीची कॉर्कची पट्टी चिकटवावी आणि सर्वप्रथम सांधे ठेवून पाहावेत, कारण सांध्यांचा आकार बदलता येत नाही, मधला लवचिक रूळ मात्र हवा तसा कापता येतो. वळणावर येणारे दोन लवचिक तुकडे सरळ असतानाच जोडपट्टीने (रुळांची टोके जोडणाऱ्या धातूच्या पट्टीने) जोडून डाख द्यावेत आणि नंतर वाकवावेत. तसे केले की जोडावर कोन पडत नाही. वाकवल्यावर आतला रूळ बाहेर सरकतो, तो कापून कानशीने साफ करावा.

सरळ भागांतल्या जोडांना मात्र डाख देऊ नये, तिथे फट ठेवावी. पावसाळ्यात लाकूड फुगलेले आणि हवा थंड असते, तर एप्रिल-मेमध्ये लाकूड आकसते आणि रूळ तापून लांब होतो. म्हणून पावसात बसवलेल्या रुळांत फट थोडी अधिक, साधारण दुमडलेल्या व्हिजिटिंग कार्डाइतकी ठेवावी. वीज जोडपट्टीच्या भरवशावर न सोडता रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून दोन रंगांच्या स्वतंत्र तारा द्याव्यात. या खाऱ्या हवेत सैल जोडपट्टी वर्षभरात दगा देते.

चढाची आवड असलेल्यांनी आपल्याच दूधसागरच्या घाटाचा हिशेब घ्यावा. कुळे ते कॅसलरॉक या मार्गावर चढ १:३७ आहे, म्हणजे मीटरला सुमारे २.७ सेंमी. एचओमध्ये एक मार्ग दुसऱ्यावरून नेण्यासाठी पुलाची जाडी धरून सुमारे १० सेंमी उंची लागते आणि त्या चढाने ती गाठायला ३.७ मीटर लांबी जाते. याहून उभा चढ, तोही वळणावर, लांब गाडीला ओढवत नाही.

रूळ कायमचा चिकटवण्यापूर्वी टाचण्यांनी बसवून निदान आठवडाभर गाडी चालवावी आणि सर्वांत लांब डबा सांध्यांवरून उलट ढकलून पाहावा. पुढे जाणारी गाडी जे दोष झाकते, ते मागे जाणारी उघड करते. समाधान झाल्यावर खडी पसरावी आणि निम्मे पाणी, निम्मा फेविकॉल व भांड्यांच्या साबणाचा एक थेंब असे मिश्रण ड्रॉपरने सोडावे, मात्र सांध्यांच्या हलत्या भागांपासून ते दूर ठेवावे. खडीसाठी किनाऱ्यावरची वाळू आणण्याचा मोह होतो, पण तिच्यात मीठ असते आणि तिच्यातले काळे कण लोहचुंबकाला चिकटतात, म्हणजे इंजिनाच्या मोटारीलाही चिकटतात. कोणतीही खडी वापरण्याआधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवून पाहावा.

चिकटवलेला रूळ दोन दिवस वाळू द्यावा. पुढे पावसाळ्यात दर पंधरवड्याला सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रुळाचा माथा पुसावा. सँडपेपर मात्र रुळाला लावू नये, कारण त्याच्या ओरखड्यांत मळ अधिक घट्ट बसतो.