सोयाबीनची बीजप्रक्रिया करण्याआधी संवर्धकाच्या पाकिटावरील नाव वाचावे

पेरणीची घाई सुरू झाली की दुकानातून 'रायझोबियम' एवढेच सांगून संवर्धकाचे, म्हणजे बियाण्याला लावायच्या जिवाणूंच्या भुकटीचे, पाकीट आणले जाते आणि सोयाबीन, भुईमूग, तूर अशा कोणत्याही बियाण्याला तेच चोळले जाते. रायझोबियम हे नाव १८८९ साली रूढ झाले तेव्हा द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी करणारे सगळे दंडाकृती जिवाणू त्यात मोडत होते. परंतु प्रयोगशाळेत यांपैकी काहींची वाढ तीन ते पाच दिवसांत दिसते, तर काहींना आठवडाभर लागतो, हे लक्षात आल्यावर १९८२ साली मंद वाढणाऱ्यांची ब्रॅडीरायझोबियम ही स्वतंत्र प्रजाती करण्यात आली. ग्रीक भाषेत 'ब्रॅडिस' म्हणजे मंद. सोयाबीनला लागतो तो याच प्रजातीतील जपोनिकम हा जिवाणू. तूर, मूग, उडीद आणि भुईमूग यांच्या मुळांवरही बहुधा ब्रॅडीरायझोबियमच असतो, पण तो चवळी गटातला, म्हणजे चवळी आणि तिच्यासारख्या पिकांवर गाठी करणारा, आणि तो सोयाबीनला चालेल असे धरून चालू नये. हरभऱ्याचा जिवाणू तर मेसोरायझोबियम या निराळ्याच प्रजातीतला आहे, त्यामुळे उरलेले सोयाबीनचे पाकीट रब्बीत हरभऱ्याला वापरणे म्हणजे बियाण्याला नुसती काळी भुकटी फासणे होय. ज्या रानात पूर्वी कधी सोयाबीन घेतलेले नाही, तिथे योग्य संवर्धकाचा फरक सर्वांत ठळक दिसतो.

या जिवाणूंचा दुसरा गुणधर्म अधिक महत्त्वाचा आहे. बॅसिलससारखे दंडाकृती जिवाणू प्रतिकूल काळात टणक बीजाणू करून तग धरतात. गाठी करणाऱ्या या जिवाणूंना ते जमत नाही. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर तापलेले पाकीट बाहेरून जसेच्या तसे दिसते, पण आतले बरेचसे जिवाणू मेलेले असतात. म्हणून अंतिम मुदत पाहून घ्यावे, सावलीत ठेवावे आणि खतांच्या पोत्यांवर टाकू नये.

बुरशीनाशक आणि कीटकनाशक लावायचे असल्यास ते आधी लावून बियाणे सुकू द्यावे आणि जिवाणू संवर्धक सर्वांत शेवटी लावावे. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम भुकटी पुरते. गुळाचे पाणी उकळून पूर्ण थंड करावे, त्यात भुकटी कालवावी आणि गोणपाटावर पसरलेल्या बियाण्याला हलक्या हाताने लावावी, कारण सोयाबीनचे साल नाजूक असते आणि जोराने चोळल्यास ते सुटून उगवण घटते. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी वाफशावर, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसताना, पेरावे.

पेरणीनंतर साधारण पस्तिसाव्या दिवशी तीन-चार ठिकाणची झाडे खुरप्याने मातीच्या ढेकळासह काढावीत. उपटल्यास गाठी जमिनीतच राहतात. मुळे पाण्यात हलवून धुवावीत आणि मुख्य मुळाजवळची गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी-लाल दिसली तर नत्र स्थिरीकरण, म्हणजे हवेतील नत्र पिकाला मिळवून देण्याचे जिवाणूंचे काम, चालू आहे. पांढरी किंवा हिरवट गाठ कामाची नाही. गाठी चांगल्या असताना शेजारच्या शेतात युरिया पडला म्हणून आपणही टाकण्याची चूक बरेच जण करतात. आयते नत्र मिळाले की झाड नव्या गाठी करण्याचे थांबवते. पान पिवळे दिसत असले, तरी आधी सरीत पाणी साचले आहे का ते पाहावे, कारण या जिवाणूंना हवा लागते. पाणी साचले असल्यास चर काढून ते बाहेर सोडावे आणि वाफसा आल्यावर मुळे पुन्हा तपासावीत.